पायाखालची चूक

मराठीत चूक माणूस ‘करतो’, आणि चूक त्याच्या ‘हातून होते’सुद्धा. कप फुटला की घरातलं माणूस म्हणतं, ‘अहो, हातून सुटला.’ हात माझा, पण मनात तसं नव्हतं, एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं. आज बोलायचं आहे ते पायातून होणाऱ्या एका चुकीबद्दल. ती करणाऱ्यालाही कळत नाही, आणि तिची किंमत मात्र रस्त्यावरच्या परक्या माणसांना मोजावी लागते.

९ डिसेंबर २०२४, सोमवार. रात्री साडेनऊच्या सुमाराला कुर्ला स्टेशनहून अंधेरीकडे निघालेली बेस्टची ३३२ क्रमांकाची बस एस. जी. बर्वे मार्गावर सुसाट सुटली. कुर्ला पश्चिमेचा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. त्या वेळी तिथं कामावरून परतणारी माणसं असतात, भाजी घेणाऱ्या बाया असतात, रिक्षांची रांग असते. माणसांना आणि वाहनांना उडवत ती बस एका वसाहतीच्या भिंतीवर आदळून थांबली. सुरुवातीला सात मृत्यू नोंदले गेले, नंतर तो आकडा वाढला. चाळीसहून अधिक जखमी झाले.

पहिल्या तासातच गर्दीत एक वाक्य फिरू लागलं, ‘ब्रेक फेल झाला.’ पण आरटीओच्या प्राथमिक तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळले. पोलिसांचं म्हणणं असं की, चालकाचा अनुभव क्लच-गिअरच्या लहान बसचा होता. थोडक्या प्रशिक्षणावर, अवघ्या काही दिवसांपूर्वी त्याच्या हाती बारा मीटर लांबीची, विजेवर चालणारी ऑटोमॅटिक बस दिली गेली. बचाव पक्षानं बसमधल्या बिघाडाकडे बोट दाखवलं. निवाडा न्यायालयाचा, त्यात मी पडत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ‘मी ब्रेकच दाबत होतो,’ असं म्हणणारा चालक आणि ब्रेक चांगला आहे असं सांगणारी तपासणी, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात का?

असू शकतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारींचा पाऊस पडला होता. गाडी जागेवरून आपोआप झेपावते, ब्रेक दाबला तरी थांबत नाही, असं लोक शपथेवर सांगत. सरकारी तपासाचा अहवाल १९८९ साली आला. बहुतेक प्रकरणांत पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी रिचर्ड श्मिट या मानसशास्त्रज्ञानं या चुकीची उकल मांडली. पाय पेडलकडे नेताना आपण खाली पाहत नाही. सवयीनं नेम धरतो. शरीर जरा वळलेलं असलं, टाच थोडी सरकलेली असली, तर नेम चुकतो. गाडी उसळते. माणूस दचकतो आणि मनातला ‘ब्रेक’ आणखी जोरानं दाबतो. गाडी आणखी पळते, तो आणखी दाबतो. काही सेकंदांत सगळं संपतं, आणि त्या सेकंदांत ‘पाय चुकला असेल’ हा विचार डोक्यात शिरतच नाही.

आपल्याकडे ‘नियत’ असा एक शब्द आहे, अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेला. त्या चालकाची नियत ब्रेकची असते, कृती अ‍ॅक्सिलरेटरची होते. तो खोटं बोलत नसतो. त्याला आठवते ती नियत; गाडीला कळते ती कृती.

यंत्राला मात्र सरसकट निर्दोष ठरवू नये. टोयोटाच्या गाड्यांबद्दल २००९-१०मध्ये असंच वादळ उठलं. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष आहे का, हे पाहायला नासाचे अभियंते बसवले गेले. २०११च्या अहवालात तसा पुरावा सापडला नाही. पण पायाखालच्या चटईत पेडल अडकणं आणि पेडल चिकटून राहणं हे दोष खरे होते. त्यांबाबत ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून कंपनीला २०१४ साली १२० कोटी डॉलर भरावे लागले. म्हणून प्रत्येक अपघात नीट तपासायलाच हवा. ‘चालकाची चूक’ हा शिक्का कारखानदाराच्या फार सोयीचा असतो.

आता आपल्या रस्त्यांकडे या. जुन्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबायचा. उजवा चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला, तरी डाव्या पायाखालचा क्लच इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तोडायचा. इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे रेटली जायची नाही. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय बेकार झाला आणि ही नकळत मिळणारी दुसरी संधी गेली. विजेच्या गाडीत तर इंजिनाचा आवाजही नाही आणि ताकद पहिल्या क्षणापासून मिळते. या गाड्या वाईट नाहीत. दम घोटणाऱ्या या शहराला त्यांची गरजच आहे. पण वीस वर्षांत मुरलेली पायाची सवय दोन-तीन दिवसांत बदलत नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही नव्या सोसायटीत जा. तळघरातलं पार्किंग, अरुंद चढ, आणि खाली खेळणारी मुलं. मान वळवून गाडी मागे घेताना शरीर पिळतं आणि पायाचा नेम चुकण्याचा धोका वाढतो. म्हणून साध्या गोष्टी सांगतो. पाठ टेकून, नीट सरळ बसा. सैल चपला घालून गाडी चालवू नका. चटई पेडलखाली सरकू देऊ नका. नवी ऑटोमॅटिक घेतली तर मोकळ्या मैदानात पाय सरावू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना तर अधिकच वेळ द्या. आणि गाडी अचानक पळू लागलीच, तर पाय आहे तिथंच दाबत राहू नका. तो पूर्ण उचला, मग डावीकडच्या रुंद पेडलवर ठेवून घट्ट दाबा, आणि गिअर न्यूट्रलला टाका.

एवढं माणसानं करावं. उरलेलं व्यवस्थेनं. जपाननं २०२८च्या सप्टेंबरपासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींत, समोर अडथळा असताना चुकून दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर रोखणारी यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलं आहे. माणूस चुकणारच, हे आधी मान्य करून यंत्र घडवायचं, असा तो विचार आहे. आपल्याकडे हजारो प्रवाशांची बस भाडेतत्त्वावर चालते. चालक कुणाचा, बस कुणाची, शिकवायची जबाबदारी कुणाची, हे वेगवेगळ्या कागदांवर असतं. त्या कागदांच्या फटीतून जी चूक निसटते, ती शेवटी एका पगारदार माणसाच्या पायाखाली येऊन पडते.

पाय एकाचा असतो, पण त्याला त्या पेडलपर्यंत आणून बसवणारे हात पुष्कळ असतात. बर्वे मार्गावर त्या रात्री भाजी घेऊन घरी निघालेल्यांना उत्तर द्यायचं असेल, तर ‘हातून झालं’ म्हणून या हातांना सुटता येणार नाही.