दोर जोडायचा की बदलायचा?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या पहिल्या संध्याकाळी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' हा विषय दिला होता. वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईकडून तीच अपेक्षा असते, हे मला मान्य आहे. पण त्या विषयावरचे दहा व्हिडिओ तुमच्या फोनवर रोज येतात, त्यात माझा अकरावा कशाला? मी दोराबद्दल बोलणार आहे. उद्या सकाळी मैदानावर रस्सीखेच आहे आणि कोणत्या दोराने खेळायचं यावर आपल्या ग्रुपवर चार दिवस जे महाभारत चाललंय, त्यात मला एक बाजू घ्यायची आहे. संगणकवाल्या बाईचा दोराशी काय संबंध, असं कुणी म्हणण्याआधी तो संबंध सांगते.

काही वर्षं आम्ही अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला होतो. गावाजवळ लेक ट्रॅव्हिस नावाचा मोठा जलाशय आहे. नाव लेक असलं तरी ते आपल्या नाथसागरासारखंच धरणाचं पाणी. उन्हाळ्यात रविवारी सगळं गाव तिथे. माझ्या लेकीला बाराव्या वर्षी तिथे वेकबोर्डिंगचं वेड लागलं. मालवणला बनाना राईड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. त्यात बोटीमागे फुगा ओढतात. इथे फुग्याऐवजी पायाला बांधलेली एक फळी असते, हातात दोराची दांडी, आणि बोट ताशी ३०-३५ किलोमीटरने पळते. बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवरून मुलं उड्या मारतात. बोटीवर बसलेल्या आईचं लक्ष मात्र दोराकडे.

तो दोर नुसता दोर नसतो. पहिली गोष्ट, तो तरंगावा लागतो, नाहीतर बोटीच्या पंख्यात जाईल. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिएथिलीन हलकी, ती तरंगतात. दुसरी गोष्ट, वेकबोर्डचा दोर ताणल्यावर लांबता कामा नये. लांबणारा दोर म्हणजे रबर. खेळाडूने जोर लावला की तो आधी लांबणार, मग हिसका देणार, आणि तुटला तर त्यात साठलेला सगळा जोर घेऊन बोटीतल्या माणसांच्या तोंडावर येणार. म्हणून चांगले दोर डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी मिळणाऱ्या खास पॉलिएथिलीनचे असतात. वजनाला वजन लावलं तर पोलादापेक्षा मजबूत, आणि तरीही तरंगणारे. त्यांच्या दोन खोडी. एक, ते दीडशे अंशांच्या आसपास वितळतात, म्हणजे नुसत्या घर्षणानेही दुखावतात. दुसरी, ते इतके गुळगुळीत असतात की साधी गाठ त्यांच्यावरून सरकते.

एका रविवारी बोटीच्या मालकाने, तोही आपल्याकडचाच, दोर बाहेर काढला. मधोमध एके ठिकाणी पंख्याची धार लागून गेली होती. खुंटीत अडकवायच्या टोकाला कापसासारखी पांढरी लव आली होती. लेक लाइफजॅकेट घालून पाण्यात उतरायच्या तयारीत. तो म्हणाला, "ताई, गाठ मारू ना, चालून जातंय."

मी दोर मागून घेतला. हा दोर आतून पोकळ विणीचा असतो. तो दोन्ही हातांत धरून टोकं एकमेकांकडे ढकलली की वीण फुगते आणि आतलं दिसतं. पायजम्यात नाडी ओवताना कापड चुण्या पडून फुगतं, तसंच. बाहेरून एकच ओरखडा दिसत होता. फुगवून पाहिलं तर सोळापैकी तीन पेड पूर्ण कापलेले, चौथा अर्धा. गाठ मारली तर काय होतं? गाठीत दोर वाकतो, बाहेरच्या वळणाचे तंतू ताणतात, आतले आळसावतात. साध्या गाठीने दोराची ताकद ढोबळमानाने निम्म्यावर येते. आणि गाठ खेळाडूच्या दांडीजवळ असेल तर हात अडकायची भीती वेगळी.

त्यावर माझ्यात आणि त्याच्यात बराच वाद झाला. त्याला मी घाबरट वाटत होते आणि त्याने ते लपवलंही नाही. शेवटी दोराच्या रचनेनेच आम्हाला सोडवलं. हे दोर सलग नसतात, तुकड्यांचे असतात. एक मुख्य तुकडा, त्याला फासांनी जोडलेले पाच-दहा फुटांचे तुकडे, आणि दांडीचा भाग स्वतंत्र. नवशिक्याला दोर आखूड लागतो, तरबेज झाला की तुकडे जोडत लांबवायचा. म्हणजे मधला कापलेला तुकडा काढून टाकला की काम झालं. दोर थोडा आखूड होतो, इतकंच. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो आणि त्याचे पगार घेतो.

खुंटीकडचं लव आलेलं टोक मात्र दुरुस्त होण्यासारखं होतं. खराब भाग कापून टाकायचा आणि नवा फास करायचा, तोही गाठ न मारता. दोराचं टोक पोकळ सुईने दोराच्याच पोटात ओवायचं, दोराच्या जाडीच्या सुमारे ७० पट लांब. सहा-सात मिलिमीटरचा दोर असेल तर अर्धा मीटर आत गेला पाहिजे. बाहेरून ओढ बसली की बाहेरची वीण आवळते आणि आतल्या टोकाला घट्ट धरते. जितकं ओढाल तितकं घट्ट. वर चार टाके घालायचे, म्हणजे ढिला असताना सरकत नाही. असा सांधा जवळजवळ अख्ख्या दोराइतका टिकतो. मी तो दुपारच्या सावलीत बसून केला. बोटीवरच्या सगळ्यांनी आधी चेष्टा केली आणि मग प्रत्येकाने स्वतः करून पाहिला.

दांडीचं वेगळं. तिच्या रबराखाली भेग होती. तिथे दुरुस्ती नाही, ती सरळ बदलायची. उन्हाने कडक होऊन रंग उडालेला दोरही बदलायचा, कारण ऊन सगळ्या लांबीभर लागतं, कापून टाकायला वाईट भाग असा उरतच नाही. आणि फुगा ओढायचा दोर वेकबोर्डला किंवा वेकबोर्डचा फुग्याला कधी लावायचा नाही. चार माणसांच्या फुग्याचा दोर किमान १८५० किलोच्या आसपास ओढ सोसणारा असावा, असा तिकडच्या या धंद्यातल्या लोकांचा दंडक आहे. आपल्या किनाऱ्यावर फुग्यावर बसण्याआधी दोराकडे एक नजर टाकत जा. मी टाकते. माझ्याबरोबर येणारे वैतागतात.

हे सगळं मला तिकडे नवीन वाटलं नाही, त्याचं कारण आमचे आजोबा. पैठण तालुक्यातलं आमचं गाव. माझ्या लहानपणी विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर आली होती, मोट गेली होती, पण मोटेचं चाक गोठ्यात टांगलेलं होतं आणि आजोबांच्या बोलण्यातून मोट काही जात नव्हती. मोटेला दोन दोर. वरच्या चाकावरून जाड नाडा, तो मोट उचलतो. खालच्या लाटेवरून बारीक सोंदूर, तो मोटेची सोंड वर धरून ठेवतो, म्हणजे थारोळ्यापर्यंत पाणी सांडत नाही. आजोबा म्हणायचे, सोंदूर तुटला तर पाणी जातं, नाडा तुटला तर बैल जातात. भरली मोट ओढत धावेवरून उताराला निघालेल्या बैलांच्या मागची ओढ एकदम सुटली तर ते तोंडघशी पडणार, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. त्यामुळे नाडा चाकावर जिथे घासतो ती जागा आणि मोटेच्या कडीला जिथे बांधतो ती जागा ते हाताने चाचपून बघत. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नसे.

दोर गावातले मातंग कारागीर वळत. केकताडाची पानं सडवून, बडवून वाख काढायचा, त्याला पीळ द्यायचा, मग तीन पेड एकत्र उलट्या पिळाने वळायचे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असं आपण माणसांबद्दल म्हणतो, पण म्हण मुळात दोराची आहे. पीळ दिसतो तसाच राहतो, आतला दोर केव्हाच गेलेला असतो.

आणि पोळा! पोळ्याला बैलाची वेसण बदलतात, नवे कासरे, नवी मोरखी. जुनी वेसण चांगली दिसते का, अजून चालेल का, अशी चर्चा होत नाही. सण आला, बदलली. पैशाची चणचण असली तरी वेसणीपुरते पैसे बाजूला काढलेले असायचे. दोर तपासणारा माणूस आणि पैसे वाचवणारा माणूस एकच असतो, म्हणून निर्णय त्याच्यावर सोडायचाच नाही, तो पंचांगावर टाकायचा. बोटीवरच्या त्या वादात मला पोळाच आठवत होता. पुढच्या वर्षीपासून त्या दोराचीही तारीख आम्ही ठरवून टाकली. एका रविवारच्या पेट्रोलपेक्षा दोर स्वस्त पडतो.

आता आपल्या मैदानावर येते.

ग्रुपवरच्या वादात दोन मागण्या आहेत. एक, शाळेचा जुना दोरच हवा, 'अ' आणि 'ब' तुकडीने ज्याने हाताची सालं काढली तोच. दुसरी, यंदा आठ-आठ जण नकोत, सगळ्यांनी ओढायचं, एका बाजूला साठ.

दुसरी मागणी आधी घेते. विज्ञानाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाईंनी दोन तानकाटे एकमेकांत अडकवून दोघांना ओढायला लावलं होतं, आठवतं? दोन्ही काटे सारखंच दाखवत होते. दोन्ही बाजूंनी साठ-साठ माणसं ओढत असली तर दोरावरचा ताण एकशेवीस जणांचा नसतो, साठांचाच असतो. पण साठांचा तरी असतो. माणशी ६० किलोची ओढ धरा. आठ जणांचे होतात ४८०, साठ जणांचे ३६००. दोर तोच.

१९९७ साली तैवानमध्ये तैपेईला अशीच हौसेची रस्सीखेच झाली. दीड हजारांहून जास्त माणसं, आणि दोर नायलॉनचा, म्हणजे ताणणारा. तो तुटला. दोन माणसांचे हात खांद्यापाशी तुटले. डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले, पण ते दृश्य तुम्ही डोळ्यांसमोर आणा. तिथे कुणी बेफिकीर नव्हतं. सण होता, सगळे आनंदात होते, आणि दोराची क्षमता किती आणि माणसं किती हा हिशोब मागे पडला.

आता पहिली मागणी. काल संध्याकाळी पीटीच्या सरांनी स्टोअररूम उघडून दिली आणि आम्ही दोघांनी दोर बाहेर काढला. आम्ही पाचवीत असताना आलेला. आम्ही जिंकलो तेव्हा माझ्या तळव्यांवर ज्याचे वळ उठले होते तो. मधे शिपाई मामांनी घातलेला सांधा आहे. आम्ही आठवीत असताना दोर तुटला होता आणि मामांनी एका दुपारी पेडात पेड गुंतवून तो जोडला होता. आज मामा नाहीत. सांध्यावरून हात फिरवला तेव्हा सर काही बोलले नाहीत, मीही नाही.

मग दोर पिळाच्या उलट दिशेने उकलून पाहिला. जाड दोराची ही साधी तपासणी आहे, सुईसुद्धा लागत नाही. पेड बाजूला झाले आणि आतून तपकिरी भुकटी पडली. तंतू नखाने ओढला तर बोटभरही न येता तुटला. कुबट वास. चार ठिकाणी बघितलं, चारही ठिकाणी तेच. मामांचा सांधा मात्र शाबूत आहे. सांधा टिकला, दोर गेला. असा दोर जोडता येत नाही, कारण जोडायला धड टोकच मिळत नाही.

तेव्हा सर आणि मी मिळून ठरवलं, आणि तुमची नाराजी आमच्या दोघांच्या नावावर लिहा. आज सकाळी जुन्या मोंढ्यातून नवा मनिला दोर आणला आहे. दुकानदार स्वस्तातलं नायलॉन दाखवत होता, ते घेतलं नाही. आंतरराष्ट्रीय नियमात दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर आणि लांबी किमान ३३.५ मीटर लागते, ते टेपने मोजून घेतलं. कुठेही गाठ नाही. पैसे आमच्या तुकडीने दिले आहेत. दोर शाळेला राहील, आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सरांनी त्याच्यापुढे आजची तारीख आणि तो बाद करायचं साल, दोन्ही लिहिलं आहे.

जुना दोर मी रात्री इथेच कापणार आहे. अख्खा ठेवला तर पुढच्या मेळाव्याला कुणीतरी प्रेमाने बाहेर काढेल. ज्यांना हातभर तुकडा घरी न्यायचा असेल त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे या. मामांचा सांधा कुणालाही मिळणार नाही, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात ठेवायला मोठ्या बाईंनी होकार दिला आहे.

उद्या सात वाजता मैदानावर. एका बाजूला आठ, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत ओरडायला. चपला नकोत, बूट घाला. अंगठ्या, कडी, घड्याळं काढून ठेवा. शेवटच्या माणसाने दोर काखेखालून पाठीवर तिरका घ्यायचा, कमरेला बांधायचा नाही. बाकी कुणीही तो हाताला गुंडाळायचा नाही, कितीही घसरला तरी. आणि 'ब' तुकडीवाल्यांनो, या वेळी दोराला दोष देता येणार नाही.