पाण्यात पेटी, बाहेर मोल



आपल्याकडे एक म्हण आहे, ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’. म्हैस डोहात डुंबते आहे, वर दिसताहेत ती नुसती शिंगं, आणि काठावरची दोन माणसं तिचं मोल ठरवताहेत. म्हण करणाऱ्याने हा वेडेपणाचा नमुना म्हणून सांगितला. आज तो आपला रोजचा व्यवहार झाला आहे. चपला, कपाटं, मोबाइल आपण फोटो पाहून मागवतो आणि बहुतेक वेळा निभावूनही जातं. आता या बाजारात जुनी वाद्यंही आली आहेत. पेटी, तबला, गिटार, तंबोरा. फोटो पाहायचा, पैसे पाठवायचे, आठ दिवसांनी खोकं दारात. आज मला बोलायचं आहे ते या खोक्याबद्दल. त्यातही ज्या खोक्यात जुनी पेटी असते, त्याबद्दल.

ही खरेदी करणाऱ्यांना मी हसणार नाही. आमचं बोईसर चर्चगेटपासून शंभर किलोमीटरवर. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातून माणसं कामाला आली. माणसं आपलं गाणं मागे ठेवून येत नाहीत. इथे भजनी मंडळं आहेत, उत्तर भारतातल्या कामगारांच्या ढोलक-पेटीवर रंगणाऱ्या बैठका आहेत, उरुसाला कव्वाली आहे, आणि गाण्याच्या क्लासला जाणारी मुलं आहेत. या सगळ्यांना पेटी लागते. चांगल्या वाद्यांची दुकानं मुंबईत. तिथे जायचं म्हणजे एका दिवसाचा खाडा, गाडीची गर्दी, आणि पसंत पडली तर एवढं ओझं उचलून परत आणायचं. शिवाय नव्या पेटीची किंमत पगारदाराच्या घराला जड. मग फोनवर निम्म्या किमतीत चकचकीत पेटी दिसली, तर बोट तिकडे जाणारच.

मी पेटी वाजवणारा नाही, शब्द लिहिणारा आहे. त्यामुळे या जाहिराती मी शब्दांकडे बघत वाचतो. ‘फारशी वापरलेली नाही’ असं लिहिलेलं असतं. घेणाऱ्याला वाटतं, म्हणजे नवीच की! पेटी जाणणाऱ्याला ते वाक्य धोक्याचं वाटतं. पेटी हे श्वास घेणारं वाद्य आहे. दहा वर्षं माळ्यावर पडलेल्या पेटीच्या भात्याच्या घड्या कडक होतात, आतल्या चामड्याला कसर लागते, उंदरांना घर मिळतं. रोज वाजणारी पेटी त्यापेक्षा बरी. ‘किरकोळ ट्यूनिंग लागेल’ याचा अर्थ लिहिणाऱ्याला काय बिघडलं आहे ते माहीत नाही, किंवा माहीत आहे. ‘आजोबांची आठवण’ असेल, तर किमतीत आठवणीचेही पैसे धरलेले असतात. आणि ‘दिवाणखान्यात शोभून दिसेल’ असं असलं की समजावं, ती दिवाणखान्यातच शोभेल.

फोटोत दिसतं काय? लाकूड, पॉलिश, पितळेच्या कड्या. पेटीचा जीव आत असतो. पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना पेटीवाले सूरच म्हणतात. ३९ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत असे ७८ सूर. म्हणजे आपण एक वस्तू नव्हे, ७८ वस्तू विकत घेत असतो, आणि फोटोत त्यातली एकही दिसत नाही. गंमत पाहा. ज्या आकाशवाणीवरून मी आपल्याशी बोलतो आहे, तिने १ मार्च १९४० पासून पेटीला आपल्या दारात मज्जाव केला होता. पेटीच्या सुरांत मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद जाणकारांनी घालावा. पण त्या मंडळींनी पेटी ऐकून नाकारली होती. आपण ती न ऐकता स्वीकारतो.

वाईट मोबाइल आला तर पैसे जातात. वाईट पेटी आली तर काय जातं, ते आमच्याच भागातल्या एका मुलीच्या गोष्टीतून सांगतो. वय वर्षं अकरा. वडील कारखान्यात पाळीवर. त्यांनी दूरच्या एका शहरातून बारा हजारांना जुनी पेटी मागवली. लाकूड छान, सगळ्या पट्ट्या वाजत होत्या. मुलगी रोज पहाटे त्या पेटीवर सा लावायची आणि संध्याकाळी क्लासला जायची. क्लासमध्ये तिचा सूर लागेना. बाई म्हणायच्या, जरा वर घे. घरी आली की पेटी सांगायची, खाली ये. तीन महिन्यांत मुलीने ठरवून टाकलं की आपल्या गळ्यातच खोट आहे. ती मागच्या रांगेत बसायला लागली, मग ओठ हलवायला लागली, मग म्हणाली, मला गाणं नको. आई क्लासचे पैसे द्यायला गेली तेव्हा बोलता बोलता बाईंनी विचारलं, घरी पेटी कुठली आहे? ती मागवून घेतली. पेटी एकसारखी उतरलेली होती, धड ना काळी एक, धड ना पांढरी दोन. विकणाराही लबाड नव्हता. त्याच्या घरी ती एकटीच वाजत होती, आणि एकटी पेटी स्वतःशी सुरातच असते. कारागिराने एकेक सूर काढून जुळवला. सुराच्या टोकाशी हलकं घासलं की तो चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. चार हजार रुपये लागले. पेटी आठ दिवसांत सुधारली. मुलीचा आवाज पुन्हा मोकळा व्हायला वर्ष लागलं.

म्हणून मी म्हणतो, शिकणाऱ्याच्या हातातलं वाद्य हा त्याचा पहिला गुरू असतो. मोठा कलावंत वाईट पेटी दोन मिनिटांत ओळखतो आणि बाजूला सारतो. लहान मूल पेटीवर विश्वास ठेवतं आणि स्वतःवर अविश्वास दाखवतं.

मग दुरून काहीच तपासता येत नाही का? येतं. पण काय तपासता येतं आणि काय नाही, हे आधी माहीत हवं. पहिली गोष्ट, विकणाऱ्याला सांगावं की भाता पूर्ण भर, एकही पट्टी दाबू नकोस आणि फोनवर त्याचं चित्रण कर. भाता हळूहळू खाली बसला तर हवा धरून आहे. धपकन बसला, तर कुठेतरी गळती आहे. हे डोळ्यांनी दिसतं. दुसरी गोष्ट, डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी पाच-पाच सेकंद एकेकटी दाबायला लावावी. घाईने वाजवलेलं गाणं ऐकू नये, गाण्यात मुके सूर लपतात. दाबल्याबरोबर सूर बोलतो की उशिरा, हात उचलल्यावर थांबतो की गुणगुणत राहतो, ते कळतं. समोरच्या खुंट्या एकेक ओढून खर्जाची आणि नराची ओळ वेगवेगळी ऐकावी. तिसरी गोष्ट पट्टीची. १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मधल्या पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरावा असं ठरलं. आज बहुतेक तंबोरा-यंत्रं आणि वाद्यवृंद त्याच मापावर चालतात. जुन्या पेट्या चढ्या किंवा उतरत्या असू शकतात. फोनवर सूर मोजायची साधनं फुकट मिळतात. पांढरी सहा वाजवून मापावर धरली, की त्या मुलीला तीन महिने जे कळलं नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं.

पण हे सगळं बोलता बोलता, चालू कॉलवर करू नये. फोनला माणसाचं बोलणं हवं असतं. एकसारखा चालणारा आवाज तो पंख्याची घरघर समजून दाबून टाकतो. लांबवलेला सूर त्यामुळे मध्येच विरतो, आणि भात्यातून निसटणाऱ्या हवेची जी फुसफुस आपल्याला ऐकायची असते, तीच नेमकी ऐकू येत नाही. चित्रण करून पाठवायला सांगावं, आणि ते कानाला हेडफोन लावून ऐकावं. इतकं करूनही पट्टी बोटाला जड आहे की हलकी, उघडल्यावर आतून कुबट वास येतो का, आवाज खोलीत कसा पसरतो, हे कळत नाहीच. त्याला हात लागतो, कान लागतो.

कारण वाद्य नुसतं तयार होत नाही, ते कुणासाठी तरी लावलं जातं. मिरजेचे सतार-तंबोरे आपल्याला माहीत आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात ही कला तिथे रुजवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर गाणाऱ्याला समोर बसवतो आणि त्याच्या आवाजाप्रमाणे जवारी लावून देतो. म्हणजे जुना तंबोरा आपल्या घरी येतो तो कुणा दुसऱ्याच्या कानाचा होऊन येतो. आमच्या पालघर जिल्ह्यातला तारपा घ्या. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधायला मेण. जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी हे वाद्य पहिल्यांदा पाहिलं. फुंकून पाहायचं, मेण सारखं करायचं, पुन्हा फुंकायचं. फोटोत तारपा देखणा दिसतो, पण मेण सारखं करणारा हात फोटोत नसतो.

मग उपाय काय? माझ्या मते, पेटीचा भाव करण्याआधी एक कान उसना घ्यावा. विकणाऱ्याच्या गावात गाण्याचा एखादा क्लास असतोच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षाकेंद्रं गावोगावी आहेत. आपल्या मुलाच्या बाईंना विचारलं, तर ओळखीतून ओळख निघते. त्या गावच्या एखाद्या शिक्षकाला विनंती करावी की तासभर जाऊन पेटी वाजवून पाहा, आणि त्या तासाचे पैसे मानाने द्यावेत. पाचशे-हजार रुपये ही फार नाही. भजनी बुवा असोत की कव्वाल, पेटीवर बसणारी माणसं एकमेकांना नाही म्हणत नाहीत. आणि विकणाऱ्याने माणूस घरी येऊ द्यायलाच नकार दिला, तर आपलं उत्तर फुकटात मिळालं.

पैशांचंही सांगतो. ‘बदली झाली आहे, लगेच जायचंय, टोकन पाठवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ अशा निरोपाला भुलू नये. आमच्याकडे वसाहतींत खऱ्याच बदल्या होतात, म्हणून हा निरोप खरा वाटतो. पण खरोखर बदली झालेला माणूस पेटी दाखवायला तयार असतो. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. योगायोग असा, की मालविक्रीचा आपला कायदाही १९३० सालचाच. तो सांगतो की वर्णन करून माल विकला, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. म्हणून ‘सर्व सूर चालू, पट्टी बरोबर’ हे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावं आणि जाहिरातीचं चित्र जपून ठेवावं. घरातली एक जुनी पेटी विकणारा गृहस्थ हा काही दुकानदार नव्हे. त्याच्यामागे ग्राहक आयोगाकडे धावता येईलच असं नाही. लिहिलेला शब्द तेवढा आपल्या हाती राहतो. आणि पेटी भर पावसात मागवू नये. मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली पेटी जूनमध्ये आमच्या खाऱ्या, दमट किनाऱ्यावर आली, तर लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. दिवाळीनंतर मागवावी. भाता बांधून, पट्ट्यांवर मऊ कापड घालून पाठवायला सांगावं, आणि खोकं उघडताना चित्रण करावं.

शेवटी दोन शब्द विकणाऱ्यांसाठी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर पेटी आहे. ती कुणाच्या तरी घरी गाणार असेल, तर जरूर विका. पण जाहिरात लिहिताना तिचं खरं बोला. कवी म्हणून मी मसुदा देतो, फुकट वापरा: ‘पेटी वीस वर्षांची. वडील भजनाला वाजवत. सहा वर्षं बंद आहे. खर्जाचे दोन सूर उशिरा बोलतात. भात्याला उजव्या कोपऱ्यात ठिगळ आहे. पांढरी सहा मापापेक्षा थोडी उतरलेली आहे. येऊन वाजवून पाहा, चहा आमच्याकडे.’

अशी जाहिरात दिसली, तर मला वाटतं, किंमत थोडी जास्त असली तरी ती पेटी घ्यावी.