पश्चिमेकडील भिंत

अंधेरी-बोरिवलीकडील एखाद्या चारमजली जुन्या इमारतींत मे महिन्यांत रात्रीं अकराच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावा. सूर्य मावळून चार तास होत आले तरी ती कोमट लागते. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची स्थिति त्याहून कठीण. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीं आपली उष्णता खोलींत सोडीत राहतो आणि पंखा तीच हवा घुसळीत बसतो.

याचें कारण कांहीं अंशीं भूगोलांत आहे. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर असल्यामुळें सूर्य वर्षांतून दोनदां बरोबर डोक्यावर येतो. जुलैअखेरच्या खेपेस पावसाळी ढग आड येतात; मेच्या मध्यावर मात्र सारा मारा गच्चीवर होतो. दुसरी अडचण अशी, कीं सुखाचा वारा येतो तो समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, आणि दुपारचें तिरपें ऊनही त्याच दिशेनें येतें. वारा घ्यावा आणि ऊन अडवावें, हेंच या हवेंतील गृहरचनेचें कोडें होय. कौलारू घरें बांधणाऱ्यांनीं तें पडवी व पुढें ओढलेलें छप्पर यांनीं सोडविलें होतें. उपनगरांना वीज पुरविण्यासाठीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ सालीं निघाली. पंखा घरोघर येण्यापूर्वींची ही विद्या.

पुढें सिमेंटच्या इमारती झाल्या, तेव्हां पडवीचें काम गॅलरीकडे आलें. परंतु दोन खोल्यांत सहा माणसें राहूं लागल्यावर गॅलरी कांचा लावून बंद झाली व तेथें मुलांच्या अभ्यासाची सोय झाली. यांत त्या कुटुंबाला दोष देण्यांत अर्थ नाहीं; जागा लागतेच. पण सावली गेली, आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या तावदानांमुळें वाराही निम्माच उरला, कारण दोहोंपैकीं एक तावदान नेहमीं दुसऱ्याच्या पाठीशीं उभें असतें. मग वातानुकूलन यंत्र येतें. साधा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. दीड टनाचें यंत्र पूर्ण जोरांत चालतांना सुमारें १,५०० वॅट. त्या यंत्राच्या एका तासाच्या विजेवर पंखा २० तास फिरला असता, आणि नव्या बनावटीचा ३० वॅटचा पंखा ५० तास. शिवाय खोलींतून काढलेली उष्णता जाते कोठें? शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर.

आतां या इमारती पाडून नव्या उभारल्या जात आहेत. घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. श्रोत्यांपैकीं कित्येक त्यांत बसलेही असतील. वाढीव चौरस फूट, तोंपर्यंतचें भाडें आणि मोटारीची जागा यांवर तेथें रात्र रात्र वाद होतो, व तो रास्तही आहे. भिंत कशाची, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. सांच्यांत ओतलेली काँक्रीटची भिंत लवकर उभी राहते, पण तेवढ्याच जाडीच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीपेक्षां ती निदान तिप्पट उष्णता आंत सोडते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ सालीं निघाली. मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेंत बाहेरच्या मोकळ्या हवेंत उघडणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र चटई-क्षेत्राच्या एक षष्ठांशाहून कमी नसावें, असें ती सांगते. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घरास १०० चौरस फूट. सरकतें तावदान त्यांत निम्मेंच धरतात, बिजागरीचें नव्वद टक्के. नकाशावर सही होण्यापूर्वीं हा हिशेब कोणाही सभासदास घरीं पट्टी घेऊन करतां येईल.

जुन्या इमारती जेथें अद्याप उभ्या आहेत, तेथें उपाय स्वस्त आहेत. पुष्कळ संस्थांनीं गळतीच्या भयानें गच्चीवर पत्रा घातला आहे. पावसासाठीं घातलेला हा पत्रा ऊनही अडवितो, ही गंमतच. जेथें तो नाहीं तेथें गच्चीला पांढरा रंग किंवा चिनीमातीचे पांढरे तुकडे लावल्यानें बरेंच ऊन परत फेकलें जातें. पश्चिमेच्या खिडकीवर चिकाचा पडदा लावावा, पण तो बाहेरून. आंतला पडदा ऊन कांचेंतून घरांत शिरल्यावर तापतो आणि ती उष्णता खोलींतच राहते.