उसाच्या ट्रॅक्टरवरचा स्पीकर

श्रोतेहो, गळीत हंगामात कोपरगाव-श्रीरामपूरकडे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि त्यांच्या आधी गाणी गावात पोचतात! हौस आहे, असू द्या. पण अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी जुळते का, पाहिलेत?

खोक्यावरचे १००० वॅट विसरा. ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा तेवढा धरा. मग ओहम बघा. गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा. असे दोन, अधिकाला अधिक नि उण्याला उणे असे जोडले, की २ ओहम होतात आणि प्रवाह दुप्पट मागतात. (गुरुजी, वर्गातली समांतर जोडणी ती हीच.) २ ओहम न पेलणारा अॅम्प्लिफायर तापून जळतो. तेच एकसर जोडा. ८ ओहम होतात, आवाज थोडा उतरतो, पण यंत्र वाचते.

लहान अॅम्प्लिफायर पुरता पिळला तरी स्पीकर जळतो, हे पुष्कळांना पटत नाही. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्या. फाटका आवाज बारीक स्पीकरला आधी खातो.

बॅटरी १२ व्होल्टची. १०० वॅट आवाजासाठी तिच्यातून १० ते १७ अँपिअर जातात. म्हणून तार जाड हवी, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर. मागे वाळले पाचट असते, बाबांनो!

आणि आवाज इतकाच ठेवा, की मागून येणाऱ्या फटफटीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येईल.