वीस इंची चाकावर

वयाच्या ५३व्या वर्षी मी बुवापाड्यात छोटी सायकल घेऊन उतरलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "नातवाची का?" म्हटलं, "नाही, माझीच."

ही बीएमएक्स. वीस इंची चाकं, एकच गिअर, बुटकी सीट. १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मुलांनी मोटोक्रॉसची नक्कल करत मातीत हा खेळ सुरू केला. २००८ साली तो बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला. आमच्या लहानपणी अशी सायकल म्हणजे चैन. मित्राची मागून एखादी फेरी मारायची, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात पायरीएवढ्या उंचवट्यावरून उडी मारताना पडलो. मनगट सुजलं, हाड वाचलं. पूर्वी पडलो की कपडे झटकून निघायचो. या वेळी आधी पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना! घरी सौ. म्हणाली, "आता पुरे."

तिचं चुकलं नव्हतं. चूक माझीच होती. उडी कशी मारायची हे मला आठवत होतं, पण ती मारणारं शरीर पंधरा वर्षांचं होतं. मग हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घेतले आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. पेडलवर उभं राहायचं, कोपर-गुडघे सैल ठेवायचे, आधी पुढचं चाक उचलायचं, मग मागचं. महिनाभर एवढंच.

आता तो उंचवटा जमतो. त्याहून उंच जायची मला घाई नाही. संध्याकाळी गल्लीतली मुलं ओरडतात, "काका, गुडघे वाकवा!" आणि मी निमूटपणे वाकवतो.