पट कोण घटवतो?

(राहाता येथील जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



सकाळपासून कापूस झाला, ज्वारी झाली, विजेचे बिल झाले. आता शाळेचा विषय काढला की काही जण चहाला उठतील. थोडे थांबा. शाळा हा काही एकट्या मास्तरांचा प्रश्न नाही. पिकाला भाव नाही आणि कालव्याला पाणी नाही, या दोन दुखण्यांचे तिसरे टोक शाळेत निघते.

एक साधे उदाहरण देतो. १९९५ साली केंद्र सरकारने प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहार सुरू केला. आपल्याकडे मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले, म्हणजे खिचडी आली. पोराच्या पोटात दुपारी चार घास जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बाप ज्वारी पिकवतो, आजी भाकरी थापते, आणि पोराला शाळेत परमुलखातला तांदूळ! ज्वारीच्या मुलखातल्या शाळा ज्वारीचे गिऱ्हाईक झाल्या नाहीत. शाळेचे धोरण असे आपल्या खळ्यापर्यंत येते.

शाळा कोणाच्या पैशाची?

शाळा म्हणजे सरकारने गावावर केलेले उपकार, अशी आपली समजूत करून दिलेली आहे. हिशेब उलटा आहे. इंग्रजांच्या राज्यात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून जादा घेत. त्यातला एक वाटा शाळांसाठी असे. म्हणजे शाळेचा पैसा आपल्याच खळ्यातून जात होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके हेच मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. ती देशभराच्या कायद्यात उतरायला २००९ साल उजाडले.

कायदा काय म्हणतो, कागद काय म्हणतो

या कायद्याखाली राज्याने नियम केले. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्याआधी २००० सालच्या सुमारास राज्याने वस्तीशाळा काढल्या होत्या. गावापासून लांब मळ्यात, डोंगराकडेला राहणाऱ्यांची पोरे त्यामुळे शाळेत बसली. मास्तरला सुरुवातीला जेमतेम हजार रुपये मानधन होते, तरी शाळा चालली. पुढे कायदा लागू झाल्यावर त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये वेगळा कागद निघाला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यातून मागवले गेले. त्या वेळचा आकडा असा होता : अशा शाळा १४,७८३, त्यांतली मुले १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा पोरे. राज्यभर विरोध झाला. पण एकदा कागदावर आलेला विचार फायलीत झोपतो, मरत नाही. म्हणून आपल्याला तो समजून घेतला पाहिजे.

पट आपोआप घटतो का?

सरकार म्हणते, पट घटला म्हणून शाळा परवडत नाही. मी विचारतो, पट घटवला कोणी?

पहिले कारण पाणी. निळवंड्याच्या प्रकल्पाला मंजुरी १९७० ची. डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले ते मे २०२३ मध्ये. त्रेपन्न वर्षे! मंजुरीच्या वर्षी पहिलीत बसलेल्या पोराला पाणी दिसेपर्यंत नातवंडे झाली. एवढ्या वर्षांत राहाता, संगमनेर, कोपरगावच्या जिरायत पट्ट्यातून ज्यांना जमले ती घरे शहराकडे गेली. शाळेच्या हजेरीतून नाव गळते, त्याच्या आधी शेतातून पीक गळालेले असते.

दुसरे कारण स्थलांतर. आपण बसलो आहोत त्याच तालुक्यात प्रवरानगर आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० साली इथे घातला गेला. दरवर्षी हंगाम लागला की बीड, पाथर्डीकडची कोरडवाहू माणसे कोयता घेऊन या उसाच्या पट्ट्यात उतरतात. पोरे बरोबर येतात. तिकडच्या शाळेत पटावर नाव राहते, बाकावर पोर नसते. इकडे पोर असते, पटावर नाव नसते. ज्वारी-कापसाला धड भाव मिळाला असता, तर कोयता उचलायची हौस कोणाला होती?

तिसरे कारण मास्तर. २०१२ नंतर काही वर्षे राज्यात शिक्षकभरती जवळजवळ बंद राहिली. त्याच सुमारास स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. एका बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्गांना एक मास्तर, तोही जनगणना, निवडणूक आणि माहिती भरण्यात गुंतलेला. दुसऱ्या बाजूला वस्तीच्या दारात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी. आईबाप कर्ज काढून पोराला गाडीत बसवतात. त्यांना दोष देऊ नका. आधी खत-पाणी बंद करायचे आणि मग रोप वाळले म्हणून उपटायचे, ही रीत शेतकऱ्याला तरी कळली पाहिजे.

निंबोडीचे छप्पर

ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या निंबोडीला शाळेचे छप्पर कोसळले. तीन लेकरे गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या धोकादायक खोल्यांची चर्चा झाली आणि शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने खोल्यांसाठी तीस कोटी रुपये देण्याचे ठरले. भक्तांच्या दानाबद्दल कृतज्ञताच आहे. पण सवाल उरतो : शाळेचे छप्पर हे दानपेटीचे काम की अंदाजपत्रकाचे? लोकल फंडाचा आणा देणाऱ्याच्या नातवंडाने सुरक्षित छपरासाठी कोणाच्या दानाकडे का पाहावे?

दुसरी बाजूही ऐका

कोणी म्हणेल, पाच पोरांच्या शाळेत शिकण्यात काय अर्थ? ना खेळायला गडी, ना स्पर्धा. या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान, प्रत्येक वर्गाला मास्तर मिळत असेल, तर आपला हट्ट नाही. पण आधी गाडी, मग शाळा हलवणे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना सहा वर्षांचे पोर कसे जाणार? मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एस.टी.चा मोफत पास आहे, पण वस्तीवर एस.टी. येतच नाही, तर पास भिंतीला लावायचा? २०२१-२२ च्या एस.टी. संपात हे सगळ्यांनी पाहिले. गाडी बंद झाली की आधी मुलीची शाळा सुटते. आणि शाळा सुटली की लग्नाच्या गोष्टी सुरू होतात.

धोरण चांगले असले तर उलटेही घडते. हिवरे बाजारने १९८९-९० पासून पाणलोटाचे काम धरले, आदर्श गाव योजनेची जोड मिळाली, आणि गाव सोडून गेलेली घरे परत आली. घरे परतली की पोरेही परततात. पट वाढवायचा खरा उपाय हा.

आपण काय करायचे?

एक : शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. ही समिती सहीपुरती ठेवू नका. शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा असतो आणि अनुदानाला आधार त्याचाच, असे कायदा सांगतो.

दोन : आपल्या वस्तीपासून जवळची शाळा किती किलोमीटर, वाटेत ओढा आहे का, रस्ता आहे का, हे मोजून ग्रामसभेच्या ठरावात लिहा. शाळा हलवण्याचा कागद आला, तर तुमचा कागद आधी तयार हवा.

तीन : तोडणीला जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीआधी करा आणि पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची लेखी मागणी करा.

चार : खोल्यांची तपासणी पावसाळ्याआधी मागा. उत्तर लेखी घ्या.

कोरडवाहू शेतकऱ्याला पीक गेल्याचे दुःख सोसायची सवय आहे. एक हंगाम गेला, तर दुसरा येतो. पण पोराचे पहिली-दुसरीचे वर्ष हातचे गेले, तर त्याची दुबार पेरणी होत नाही. एवढे ध्यानात ठेवा, आणि पुढच्या ग्रामसभेला येताना शाळेची हजेरी बरोबर आणा.