गंजिफांतील शस्त्रधारी प्राणी

बोटाच्या दोन पेरांएवढा कोल्हा, अंगांत चिलखत, हातांत परशु. शेजारीं ढाल धरलेला ससा आणि तलवार उपसलेला उंदीर! अशा धातूच्या बाहुल्या आणून त्या बारीक कुंचल्यानें रंगविण्याचा छंद पाश्चात्य देशांत मोठीं माणसेंही हौसेनें करितात. आपल्याकडील गृहस्थास हें पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या घरांत एके काळीं दशावतारी गंजिफा खेळत असत, त्या घराला हा छंद अगदींच परका म्हणतां येणार नाहीं.

लहानशा वस्तूवर कुंचला चालविण्याची हौस महाराष्ट्रांत फार जुनी आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा या क्षेत्रीं १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगांतील तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी आढळली. त्या कारागिरांचा आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा संबंध जोडणें हें धाडसच होय. परंतु हाताची अडचण दोघांची एकच : जागा थोडी, आणि चुकलेली रेघ झांकण्यास वाव नाहीं.

गंजिफांचा खेळ इराणकडून आला. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें येथील चिताऱ्यांनीं त्यांत दशावतार बसविले. सावंतवाडीच्या संचांत दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दह्यापर्यंत दहा, मिळून १२० वाटोळीं पानें. जुन्या रीतीप्रमाणें कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें चिकटवीत, वर खडूचा लेप देऊन तो घोटीत, मग रंगकाम करून लाखेचा हात फिरवीत.

या पानांवर प्राण्यांच्या हातीं शस्त्रें आलीं तीं मौजेखातर नव्हेत. मत्स्य व कूर्म यांचें वरचें अंग देवाचें, खालचें प्राण्याचें. वराह व नृसिंह यांचें शिर तेवढें प्राण्याचें. शंख, चक्र, गदा यांवरून तो रानडुक्कर नसून वराह आहे, हें क्षणांत ओळखूं येतें. राजाचें पान पाहून लोक वाहवा करितात. खरी कसोटी मात्र साध्या पानांवर लागते. तळहाताहून लहान वर्तुळांत दहा मासे किंवा दहा परशु असे मांडावयाचे कीं, खेळणाऱ्यानें न मोजतां ओळखावे. कारण निम्म्या रंगांत एक्का वरचढ, तर निम्म्यांत दहा. गफलत झाली कीं हात गेला. म्हणून चितारी खवले गाळतो, शेपटी राखतो.

छापील बावन पत्ते स्वस्त मिळूं लागले आणि हें काम बसलें. सावंतवाडीस पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली, आणि राजवाड्यांतच इतरांस ती शिकविण्याची सोय केली. राजघराण्यानें कुंचला हातीं धरला नसता, तर आज हीं पानें केवळ संग्रहालयांत पाहावयास मिळालीं असतीं.

तरी एक उणीव राहिली आहे. आज संच घेणारे बहुतेक लोक तो शोभेसाठीं घेतात. भिंतीवर टांगावयाच्या पानांत बारकावे कितीही भरले तरी खपतात. माशाच्या पाठीवर सोन्याची वेल चढते, दहांतला एक मासा हरवतो, आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. ज्या श्रोत्यांस सुटीच्या दुपारीं हा छंद करून पाहावयाचा असेल, त्यांनीं राजाच्या पानास प्रथम हात घालूं नये. जाड कागदाचीं बारा वर्तुळें कापून त्यांतील दहांवर एकापासून दहांपर्यंत मासे काढावे, आणि तीं घरांतील मुलांच्या हातीं देऊन खेळण्यास सांगावें. मूल जेथें बोटानें मोजूं लागेल, तें पान पुन्हां रंगवावें. राजा आणि प्रधान यांचीं दोन वर्तुळें तोंवर कोरीं राहूं द्यावीं.